कस्टमचे सात हजार सातशे अठ्ठावीस

शहागंजातून बोलतोय. मागे रिक्षांचे हॉर्न ऐकू आले तर समजून घ्या. खिडकी लावलीये, पण क्लॉक टॉवरच्या चौकात संध्याकाळी सहानंतर खिडकी लावली काय अन् उघडी ठेवली काय, सारखंच.

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय: "दादा, बाहेरच्या देशातून वस्तू मागवली, पैसे आधीच भरले, आता कुरिअरवाले कस्टमचे म्हणून अजून पैसे मागतायत. हे खरं आहे का फ्रॉड?"

माझ्या मामींच्या घरी दोन्ही झालं. खरं आलं तेव्हा फ्रॉड समजून परत पाठवलं, आणि फ्रॉड आला तेव्हा खरं समजून पैसे भरले. मामींना विचारूनच सांगतोय हे. त्या म्हणाल्या, "सांग, पण नाव घेऊ नको. राजाबाजारात मला रोज भाजी घ्यायला जायचं असतं."

पहिली गोष्ट २०२२ सालची. माझा मामेभाऊ दुबईला असतो. त्याने बहिणीसाठी चांगले हेडफोन आणि मामींच्या गुडघ्यासाठी मसाज करायचं मशीन, असं एक पार्सल कुरिअरने पाठवलं. सामान साधारण ८,५०० रुपयांचं, पाठवायचं भाडं १,५०० रुपये. चार दिवसांनी मामींच्या फोनवर मेसेज आला: आधार कार्ड अपलोड करा आणि शुल्क ७,७२८ रुपये, अधिक कुरिअरची फी, एवढे भरा.

आता तुम्हीच सांगा. ८,५०० च्या सामानावर पावणेआठ हजार कर! कोणालाही वाटेल की लुटायला बसलेत. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "आई, मी सगळे पैसे भरलेत, वर मोठ्या अक्षरात गिफ्ट लिहिलंय. एक रुपया देऊ नका." दिला नाही. पार्सल गेलं परत, आणि परतीचं भाडं भावाच्याच खिशातून गेलं.

तो मेसेज खरा होता. आकडासुद्धा रुपयाला रुपया बरोबर होता. कसा ते सांगतो, कारण आजच्या भागातलं सगळ्यात कामाचं तेवढंच आहे. कागद-पेन घ्या, नाहीतर फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा.

कस्टमवाले फक्त वस्तूची किंमत धरत नाहीत. वस्तू, तिचं भाडं आणि विमा मिळून भारतात पोचेपर्यंतची किंमत धरतात. विम्याचा आकडा छोटा असतो, हिशोब सोपा राहावा म्हणून तो सोडून देऊ. म्हणजे ८,५०० अधिक १,५००, झाले १०,०००. पोस्टाने किंवा विमानाने घरगुती वापरासाठी येणाऱ्या सर्वसाधारण वस्तूंवर तेव्हा मूळ सीमाशुल्क होतं ३५ टक्के. झाले ३,५००. त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ३५०. इथपर्यंत बेरीज १३,८५०. आणि आता खरी गंमत. या १३,८५० वर, हो, आधीच्या कराच्या रकमेसकट, आयजीएसटी २८ टक्के. तो होतो ३,८७८. तिन्ही मिळून ७,७२८. शेकडा ७७.२८.

करावर कर. ऐकायला अन्याय वाटतो, मलाही वाटतो. पण सरकारचं म्हणणं असं की इथल्या दुकानात तीच वस्तू विकली गेली असती तर तिच्यावरही जीएसटी लागलाच असता, मग बाहेरून आलेल्या मालाला सूट का? ते एक वेळ पटतं. घरच्या वापराच्या हेडफोनवर ३५ टक्के मूळ शुल्क का, हे मात्र मला तेव्हाही पटलं नव्हतं.

हा दर आता उतरलाय. २०२५ च्या अर्थसंकल्पात ३५ चा २० झाला, आणि २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले तेव्हा यातला २८ चा १८ झाला. म्हणजे २०२५ मध्ये तो ७७ वरून चाळिशीच्या थोडं पुढे आला होता. दर पुन्हा बदलतीलच, प्रत्येक बजेटला बदलतात. हिशोबाची पद्धत तीच राहते: पोचेपर्यंतची किंमत, तिच्यावर शुल्क, आणि दोन्हींच्या बेरजेवर आयजीएसटी. कुरिअरची फी वेगळी, कारण कुरिअर कंपनी तुमच्या वतीने आधी कर भरून टाकते आणि त्या कामाचे पैसे लावते.

मी हे सगळं आमच्या चौकातल्या चाचांना सांगत होतो. चाचांचं दुकान म्हणजे अत्तर, घड्याळं, गॉगल, आणि सगळ्यावर पाटी 'इम्पोर्टेड'. ते हसले. म्हणाले, "बेटा, इथे एकेकाळी मुंबईहून आलेला मालही इम्पोर्टेड होता."

बरोबर आहे त्यांचं. आपलं शहर निजामाच्या राज्यात होतं आणि निजामाचं स्वतःचं कस्टम खातं होतं. त्याला करोडगिरी म्हणत. ईस्ट इंडिया कंपनी आणि निजाम यांच्यात १८०२ साली व्यापाराचा करार झाला, त्यात मालावर शेकडा ५ असा दर ठरला होता. म्हणजे नगरकडून किंवा मुंबईकडून कापडाचा गठ्ठा शहागंजात यायचा तर तो एक सरहद्द ओलांडून यायचा आणि जकात भरून यायचा. १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि पुढे ती आतली सरहद्द राहिली नाही. शेकडा ५ वरून लोक कुरकुर करत असणार, आणि आपण ७७ ची गोष्ट सांगतोय. असो.

आता 'गिफ्ट'. हा शब्द दुबईपासून अमेरिकेपर्यंत सगळे आपले लोक पार्सलवर लिहितात, आणि त्यांना वाटतं की काम झालं.

एकेकाळी होत होतं. ५,००० रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूला भारतात शुल्क नव्हतं. मग आल्या चिनी शॉपिंग साइट. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी २०१८-१९ मध्ये तिथून टॉप आणि कव्हर मागवलेत, खोटं बोलू नका. दीडशे रुपयांचं कानातलं यायचं आणि पाकिटावर 'गिफ्ट'. पाठवणारा कोण? कंपनी. भेट कसली? पैसे तर आपण मोजलेत! लाखो पाकिटं अशीच यायला लागल्यावर इथले व्यापारी ओरडले, आणि १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने ती सवलतच बंद झाली. पोस्टाने किंवा कुरिअरने 'गिफ्ट' म्हणून शुल्क न भरता माल आणायला मनाई. अपवाद दोनच ठेवले: जीव वाचवणारी औषधं, आणि राखी.

हो, राखी. सरकारी कागदात राखी आहे, आणि पुढे कंसात हेही आहे की राखीसोबतच्या भेटवस्तू त्यात धरायच्या नाहीत. म्हणजे बहिणीने परदेशातून धागा पाठवला तर माफ, धाग्यासोबत चॉकलेटचा डबा पाठवला तर डब्याचा हिशोब लागणार. हे लिहिणारा अधिकारी कोणाचा तरी भाऊ असणार, एवढं नक्की.

तर भेट पाठवायला बंदी नाही. शुल्क भरून कितीही भेटी पाठवा. 'गिफ्ट' लिहिल्याने शुल्क जात नाही, एवढंच. किंमत कमी लिहूनही फार उपयोग नाही. दहा हजारांच्या बुटावर 'पाच डॉलर' लिहिलं तर कस्टमच्या अधिकाऱ्याला ती किंमत नाकारून स्वतः किंमत ठरवायचा अधिकार आहे, आणि पार्सल तेवढे दिवस तिथेच पडून राहतं. मामा-काका बॅगेतून आणतात त्याचे नियम वेगळे, तिथे प्रवाशाला ठरावीक रकमेपर्यंत सूट असते. म्हणूनच आखातातून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या बॅगेत अर्ध्या गल्लीचं सामान असतं.

आणि हे फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. २०२५ च्या दिवाळीत उलट्या बाजूने तेच घडलं. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला शुल्क नव्हतं, ती सवलत त्यांनी २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद केली. त्यांची पैसे गोळा करायची व्यवस्था तयार नव्हती, म्हणून आपल्या पोस्टाने अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं. थेट १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू केलं, तेव्हा दिवाळी आठवड्यावर आलेली. ज्यांची मुलं न्यू जर्सीला नाहीतर टेक्सासला आहेत, त्यांच्या घरी चकल्या तळून डब्यात बंद आणि पोस्टाचं दार बंद! पुन्हा सुरू झालं ते नव्या हिशोबाने: लिहिलेल्या किमतीवर तेव्हा ५० टक्के शुल्क इथेच, पाठवतानाच भरायचं होतं. तिकडे घरगुती भेटीला १०० डॉलरपर्यंत सूट अजून आहे. आपल्याकडे तेवढीही नाही.

आता थोडं गंभीर. कारण हेडफोन परत गेले तर गेले, काही पार्सलं परत जाऊ शकत नाहीत.

२०२१ चा एप्रिल-मे आठवा. ऑक्सिजनसाठी लोक घाटीच्या बाहेर रांगा लावून उभे होते. परदेशातले नातेवाईक ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवत होते. आणि कॉन्सन्ट्रेटर ही पुस्तकातल्या नियमाने 'घरगुती वापराची वस्तू', म्हणजे तोच ७७ टक्क्यांचा कप्पा. सरकारने मूळ शुल्क माफ केलं, आयजीएसटी २८ वरून १२ वर आणला. दिल्लीतल्या ८५ वर्षांच्या एका आजोबांना अमेरिकेतल्या पुतण्याने मशीन भेट पाठवलं होतं. ते त्या १२ टक्क्यांविरुद्धही कोर्टात गेले. २१ मे २०२१ ला दिल्ली हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, हा कर घटनाबाह्य ठरवला. दहा-बारा दिवसांत, १ जूनला, सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली.

त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईतल्या एका काही महिन्यांच्या मुलीची बातमी आपण सगळ्यांनी पाहिली होती. एसएमए नावाचा आजार, स्नायू हळूहळू निकामी होतात. झोलजेन्स्मा नावाचं एकच इंजेक्शन, किंमत सुमारे १६ कोटी, अमेरिकेतून आणायचं. लोकांनी शंभर, पाचशे असे करून पैसे जमवले. आणि मग कळलं की त्यावर आयात शुल्क आणि जीएसटी मिळून सहा कोटींच्या वर होतंय. देवेंद्र फडणवीसांनी, तेव्हा ते विरोधी पक्षनेते होते, पंतप्रधानांना पत्र लिहिलं, आणि केंद्राने तो कर माफ केला. महिनाअखेरीस हिंदुजा हॉस्पिटलमध्ये मुलीला इंजेक्शन मिळालं.

बरं झालं. पण माझ्या डोक्यात तेव्हा हेच आलं की ज्याच्या पत्राला दिल्लीत उत्तर मिळतं असा माणूस ज्यांच्या ओळखीत नाही, त्यांनी काय करायचं? कन्नडच्या किंवा वैजापूरच्या शेतकऱ्याच्या घरी असं बाळ जन्मलं तर?

त्याचं उत्तर १ एप्रिल २०२३ पासून आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजारांच्या धोरणात जे आजार आहेत, त्यांच्यासाठी रुग्णाने स्वतःच्या वापराकरता मागवलेली औषधं आणि विशेष वैद्यकीय आहार यांवर मूळ सीमाशुल्क पूर्ण माफ आहे. पत्र लिहावं लागत नाही. दाखला लागतो. तो केंद्राचे किंवा राज्याचे आरोग्य सेवा संचालक देऊ शकतात, आणि जिल्हा वैद्यकीय अधिकारी किंवा सिव्हिल सर्जनही देऊ शकतात. म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला दाखल्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून जीव वाचवणाऱ्या ३३ औषधांवरचा जीएसटी १२ वरून शून्यावर आलाय, आणि ते १६ कोटींचं इंजेक्शन त्या यादीत आहे. औषधाची किंमत अजूनही राक्षसी आहे. पण तुमच्या ओळखीत असं घर असेल तर औषध मागवायच्या आधी सिव्हिल सर्जनच्या ऑफिसात जायला सांगा. विमानतळावर पार्सल अडकल्यावर धावपळ करणं फार अवघड असतं.

आता मामींची दुसरी गोष्ट, २०२४ ची.

व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला: तुमच्या मुलाने पाठवलेलं पार्सल मुंबई कस्टममध्ये अडकलंय. खाली अशोकस्तंभ, शिक्का, इंग्रजी पत्र. शुल्क १२,५०० रुपये, आज रात्री आठपर्यंत भरा, नाहीतर माल जप्त आणि केस. मुलगा परदेशात आहे हे त्यांना कसं कळलं? फेसबुकवर मामींचा फोटो आहे दुबईच्या उंच इमारतीसमोर, आणखी काय पाहिजे?

मुलाला फोन लावला, त्याची ड्युटी चालू होती, उचलला नाही. मामींनी १२,५०० भरले. मग दुसरा मेसेज: दंड १६,००० रुपये. तेही भरले. तिसरा मेसेज ४०,००० चा आला तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. पार्सल नव्हतंच.

मी चिडलो होतो. विचारलं, "मामी, मागच्या वेळी साडेसात हजाराला तुम्ही फ्रॉड म्हणालात, या वेळी कसे काय भरले?"

त्या म्हणाल्या, "अरे, मागच्या वेळी नाही भरले म्हणून तर सामान परत गेलं. लेकराचं नुकसान झालं. म्हटलं, या वेळी आपल्यामुळे नको."

यावर मी काय बोलणार? लोक म्हणतात की माणसं लोभापायी फसतात. मामींना कसला लोभ?

त्याच रात्री १९३० ला फोन केला, ऑनलाइन तक्रार टाकली. दुसरा हप्ता समोरच्या बँकेत गोठला आणि सात महिन्यांनी परत मिळाला. पहिला गेला तो गेलाच. तास-दोन तास आधी फोन केला असता तर कदाचित तोही थांबला असता, म्हणून हा १९३० नंबर आत्ताच सेव्ह करा, भाग संपल्यावर नको.

खरं-खोटं ओळखायचं कसं? आधार मागितलं म्हणून खोटं, असं म्हणता येत नाही. खरं कुरिअरही केवायसी मागतं, आणि तिथेच लोकांचा घोळ होतो. मी स्वतः काय करतो ते सांगतो. मेसेजमधल्या लिंकला हात लावत नाही. पाठवणाऱ्याला फोन करून विचारतो, पाठवलंय का, कोणत्या कंपनीने, ट्रॅकिंग नंबर काय. मग त्या कंपनीच्या साइटवर स्वतः जाऊन नंबर टाकतो. पार्सल खरं असेल तर शुल्काचा आकडा तिथे दिसतो, आणि त्यांच्याकडे बिल ऑफ एन्ट्रीची प्रत मागता येते, त्यात किंमत किती धरली, शुल्क किती, आयजीएसटी किती, सगळं फोडून लिहिलेलं असतं. पोस्टाचं पार्सल असेल तर आणखी सोपं: मुंबईत बॅलार्ड इस्टेटला विदेश डाकघर आहे, तिथे कस्टमवाले शुल्क ठरवतात, आणि पैसे तुमच्या दारात पार्सल देताना पोस्टमन घेतो. पावती देतो. आधी यूपीआय करा वगैरे काही नाही. कस्टम खात्याचा अधिकारी कोणाच्या वैयक्तिक खात्यात पैसे मागत नाही, व्हिडिओ कॉलवर अटक तर अजिबात करत नाही. खात्याच्या पत्रावर डीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो, २०१९ पासून, आणि तो सीबीआयसीच्या वेबसाइटवर टाकून पत्र खरं की बनावट ते बघता येतं.

आणि एक विचारायचं: कशावर? १२,५०० म्हणजे किती किमतीच्या वस्तूवर, कोणत्या दराने? खऱ्या शुल्काचा हिशोब उलटा मांडता येतो, ७,७२८ हा कुठून आला ते दाखवता येतं. मामींना आलेल्या पत्रात वस्तूचं नाव नव्हतं, किंमत नव्हती, दर नव्हता. दंडाचा आकडा, शिक्का आणि घाई, एवढंच होतं.

मागच्या आठवड्यात भावाने पुन्हा फोन केला, म्हणाला एक ब्लेंडर पाठवतोय. मामींनी लगेच विचारलं, "केवढ्याचा? भाडं किती? बिल आत ठेव, आणि गिफ्ट-बिफ्ट लिहू नको." मग कॅलेंडरच्या मागे पेन्सिलने बेरीज केली, मला दाखवली. समाजकल्याण अधिभार लिहायचा विसरल्या होत्या, बाकी बरोबर होतं. बेरीज बघून म्हणाल्या, "एवढ्यात तर सिटी चौकात मिळतो की रे!" आणि भावाला परत फोन लावला.

ब्लेंडर रद्द झालाय, मंडळी. तुमचं असं काही पार्सल अडकलेलं असेल तर किंमत, भाडं आणि मागितलेला आकडा, एवढं लिहून पाठवा. आधार नंबर पाठवू नका, मलाही नाही. पुढच्या भागात भेटू. चाचा खाली चहा घेऊन उभे आहेत.